डाव्या डोळ्याची जागा

६ फेब्रुवारी

ताई,

फोन केला की तू "काय? काय?" करत राहतेस, मी आवाज चढवतो, आणि मग ओरडलो म्हणून रागावतेस. त्यापेक्षा कागद बरा. लिहिलेलं तुला नीट ऐकू येतं.

आधी घरची बातमी. सुनेचा नववा सरत आला. सगळं व्यवस्थित आहे म्हणतात. मुलानं पाळणा स्वतः जोडला आणि चार स्क्रू उरले. ते कुठले हे कोणालाच कळत नाही, पाळणा मात्र उभा आहे. मी दोन्ही हातांनी दाबून पाहिला, हलत नाही.

आता दुसरी. आमच्या रविवारच्या प्रार्थनामंडळात मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी कसला बोलतोय! पण माझ्या कारखान्यातून एक कृत्रिम डोळा रुमालात गुंडाळून नेला. परवाच एका शिंपीणबाईंसाठी केलेला, बुबुळाला रंगाचे नऊ थर, शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू. तो वर धरला आणि विचारलं, "हा तुम्हाला रस्त्यात सापडला, तर ऊनपाऊस लागून आपोआप झाला म्हणाल का?" मागून एक आवाज आला, "रस्त्यात सापडला तर आधी पोलिसांना बोलवू." हशा पिकला. पण त्यामुळे माझी भीती गेली आणि पुढचं धाडधाड बोललो.

म्हटलं, हा तर नुसता शोभेचा. खऱ्या डोळ्याकडे बघा. उजेड वाढला की बाहुली बारीक होते. भिंग जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना सपाट होतं. पापणी पुसते, अश्रू धुतात, आणि अश्रूत मीठ किती असावं हेसुद्धा ठरलेलं. एकही भाग उगाच नाही. जिथे प्रत्येक भाग कशासाठी तरी आहे तिथे कोणाचा तरी हेतु असतो. आणि डोळाच कशाला, हवा, पाणी, सूर्याचं अंतर, जरा इकडचं तिकडे झालं असतं तर बघायला आपणच नसतो. मी चौतीस वर्षं डोळे करतोय. कारागिराचा हात मला ओळखता येतो.

टाळ्या पडल्या, ताई. सप्टेंबरात मोठा मेळावा आहे, तिथे हेच पुन्हा बोला म्हणून अध्यक्षांनी आत्ताच सांगून ठेवलंय. तू काय म्हणणार ते मला माहीत आहे, तरी लिही. तुझ्याशी भांडण झाल्याशिवाय माझंच म्हणणं मला पक्कं वाटत नाही.

तुझा छोट्या


१५ फेब्रुवारी

छोट्या,

'हेतू' दीर्घ. बासष्ट वर्षांचा झालास, आता तरी शीक.

मागून पोलिसांचं बोलणाऱ्याला माझा नमस्कार सांग. मंडळात एक तरी माणूस जागा आहे. आता ऐक. तुझा नऊ थरांचा डोळा बघून तो केलेला आहे हे लोकांना कसं कळलं? कारण माणसं बाकावर बसून वस्तू करतात हे त्यांनी पाहिलंय. जग करताना कोणी कोणाला पाहिलंय? दहा जगं शेजारी ठेवून, ही केलेली आणि ही आपोआप झालेली, अशी तुलना कोणी केलीय? आपल्याकडे जग एकच, आणि तेही आपण आतून बघतोय. दोन वस्तू जरा सारख्या दिसल्या म्हणून दोघींची आई एकच, असं तू शाळेत लिहिलं असतंस तर मी शून्य दिलं असतं.

बरं, कारागीर आहेच असं धरू. मग एकच का? तुझ्याकडे साचा एक जण करतो, रंग दुसरा, पॉलिश तिसरा. आणि त्या कारागिराला कोणी केलं? तो आपोआप झाला म्हणालास, तर मग डोळ्यानंच काय घोडं मारलंय?

आणि कामावरून हात ओळखायचा असेल तर पूर्ण काम बघ. आपल्या डोळ्यात उजेड टिपणारा पडदा मागे आणि त्याच्या तारा पुढून. त्या बाहेर काढायला पडद्यालाच भोक. त्या भोकाशी प्रत्येक माणूस आंधळा आहे. समुद्रातल्या अष्टपादाच्या तारा मागून आहेत, नीट. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. तुझ्या हाताखालच्यानं असं काम केलं तर तू ते बाकावर ठेवूनसुद्धा घेणार नाहीस. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की आधी फक्त उजेड-अंधार कळणारा ठिपका होता. मग जरा खोलगट झालेला बरा ठरला, मग त्याहून खोल. कोणी ठरवत नव्हतं. जे जमलं नाही ते गळत गेलं, एवढंच. त्यात तारा पुढून जाणं समजतं. तुझ्या हिशेबात समजत नाही. तुझ्या हिशेबात तुझा कारागीर एक तर कच्चा आहे, नाहीतर बेफिकीर.

हे मेळाव्यात वाचून दाखव आणि टाळ्या किती पडतात ते कळव.

बाळासाठी दुपटी शिवतेय. तुमच्या घरातल्या उरलेल्या स्क्रूंवर एक चांगला निबंध होईल.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. नात झाली. गेल्या महिन्याच्या १९ तारखेला, दुपारी. आई ठीक आहे. मला सध्या लिहायला सवड नाही.

छोट्या


१६ मार्च

अरे छोट्या,

नात झाली आणि चार ओळी? आजोबा झालास की तार खात्यात नोकरीला लागलास? मी शेजारणीला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, हळू, मला ऐकू येतं.

वजन किती? केस आहेत का? नाक आपल्या आईचं असेल तर आधीच सांगून ठेव, मनाची तयारी करते. आणि डोळे कोणासारखे? तुझ्या घरात आणखी एक डोळ्यांची जोडी आली, आता तुझं भाषण वाढणार! फोटो पाठव. दुपटी पार्सलनं पाठवली आहेत, सहा.

दोन दिवस विचार करून हे लिहितेय. तू चिडला आहेस असं वाटतंय. मागचं पत्र मी जरा जास्तच ऐटीत लिहिलं. तू चिडावंस म्हणूनच लिहिलं होतं, पण इतकं नाही. कच्चा कारागीर हा शब्द मागे घेते. बेफिकीर राहू दे. बघ, पुन्हा सुरू झाले.

लिही रे. निदान मुलाला लिहायला सांग.

ताई


२० एप्रिल

ताई,

फोटो पाठवत नाही. का ते सांगतो.

तिला डावा डोळा नाही. डॉक्टर म्हणतात, आत मसुराएवढं काहीतरी आहे, ज्याचा डोळा व्हायचा होता. उजवा छान आहे, उजेडाकडे वळतो.

कच्च्या कारागिराचं तुझं ते पत्र ती झाली त्याच दिवशी आलं. दवाखान्यात जाताना पेटीतून काढून खिशात टाकलं आणि तिथल्या बाकावर बसून वाचलं. शेवटच्या ओळीशी होतो तेवढ्यात नर्सनं आत बोलावलं. बाळ झोपलं होतं. मी सवयीनं बोट लावून पापण्या उघडल्या. चौतीस वर्षं लोकांच्या पापण्या उघडतोय, आत काय नाही ते या बोटांना लगेच कळतं. मुलाच्या आधी मला कळलं, डॉक्टरांच्याही आधी. मुलगा शेजारीच उभा होता, हसत होता. मी म्हणालो, "झोपाळू आहे," आणि हात धुवायला बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांनी सांगितलं. मुलानं मला एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कालच कळलं होतं ना?"

डोळा नसला की खोबण वाढत नाही. खोबण वाढली नाही की चेहऱ्याची ती बाजू मागे राहते. म्हणून दीड महिन्यापासूनच आत लहानसा पारदर्शक तुकडा बसवायचा, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा, म्हणजे हाड त्याच्याभोवती वाढतं. उशीर चालत नाही. हे काम मी शेकडो लोकांच्या मुलांचं केलंय. मुलगा म्हणाला, "तुम्हीच कराल ना?" मी बाकावर बसलो, साच्याचं मेण हातात घेतलं आणि हात थरथरायला लागला. तीन दिवस बसून पाहिलं. शेवटी मुलगा तिला दुसऱ्या कारखान्यात घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मग ते भाषण कुठल्या तोंडानं करता?"

रविवारी मी जात नाही. उभा राहिलो की प्रार्थनेऐवजी तुझंच वाक्य ऐकू येतं. तुझ्यावर रागावलोय, हे खरं आहे.

हे असं का झालं, तेही कळलंय म्हणा. तिसऱ्या महिन्यात सुनेनं तापावर कसल्या तरी गोळ्या घेतल्या होत्या, त्यानंच असणार. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कोणाला असं होतं का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कोणालाही नाही.

सून सध्या तिच्या आईकडे आहे. बाळंतिणीला तिकडे बरं वाटतं.

छोट्या


२८ एप्रिल

छोट्या,

हे चौथ्यांदा लिहितेय. आधीचे तीन फाडले. आज दुपारी दार लावून बसले आहे आणि लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

माझं ते पत्र त्या बाकावर तुझ्या हातात होतं, याला मी काय करू? माफी मागते. पण माफीनं भागणार नाही, दुसरं काहीतरी सांगायचं आहे.

आपल्याला एक भाऊ होता. तुझ्या आधी दोन वर्षं. मी आठ वर्षांची होते. वडील छापखान्यात होते तेव्हाच्या त्या दोन खोल्या तुला आठवणार नाहीत, तू तिथे रांगलास तेवढाच. मला पायरीवर बसवलं होतं. आतून रडणं ऐकू आलं आणि सुईण बाहेर येऊन माझ्याकडे न बघताच नळावर गेली. चौथ्या दिवशी आई झोपली असताना मी पाळण्यात डोकावले. पापण्या होत्या, छोट्या. व्यवस्थित, केसांसकट. मी त्यातली एक उचलली. मागे काही नव्हतं. दुसरीच्याही मागे नव्हतं.

तो अकरा दिवस जगला. आणखीही काही बिघडलेलं असेल, तेव्हा कोण तपासणार! भेटायला आलेले एक पोक्त गृहस्थ वडिलांना म्हणाले, "यातही त्याची काहीतरी योजना असेल." मी विचारलं, "कसली?" मावशीनं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. मला अजून उत्तर मिळालेलं नाही. मी पुढे जीवशास्त्र घेतलं, पुस्तकं वाचली, तुझ्याशी चाळीस वर्षं वाद घातला. तुला वाटायचं ताई विज्ञानाची बाजू घेते. मी त्या गृहस्थांना उत्तर देत होते, आणि तू मध्ये उभा होतास.

तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा आईनं माझ्याकडून वचन घेतलं, हे पुढच्याला कधी कळू द्यायचं नाही. मी ते पाळलं. तू डोळे करायला शिकायला निघालास तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. तुला वाटलं, तू परगावी जाऊ नयेस म्हणून. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरीही गप्प बसले. कोणाला उपयोग नाही असं स्वतःला सांगत आले. आज उपयोग आहे आणि उशीर झालाय.

ते आणि हे एकच, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण छातीवर हात ठेवून तू जे सांगितलंस ते खोटं ठरलं, आणि खोटेपणा माझा आहे. डॉक्टरांना हे सांग.

आणि सून माहेरी का गेली ते तू लिहिलेलं नाहीस. 'बाळंतिणीला बरं वाटतं' हे तुझं वाक्य नाही. तू तिला काहीतरी बोललास. काय बोललास ते मला कळवू नकोस, तिच्याकडे जा. हे पत्र तिला वाचून दाखव, सगळं, माझ्या भागासकट. आजच जा. आंघोळ करून, दाढी करून जा.

ताई


११ मे

ताई,

दोन दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवून नुसता चिडत होतो. आईवर, तुझ्यावर, त्या मेलेल्या मावशीवर. मला भाऊ होता आणि मला तो बासष्टाव्या वर्षी टपालानं मिळाला! तिसऱ्या दिवशी दाढी केली.

सुनेला बोललो होतो. बारशाचा विषय निघाला होता, ती म्हणाली, घाई नको, हिचा चेहरा लोक बघतील. आणि मी म्हणालो, "त्या गोळ्या घ्यायलाच नको होत्या." एवढंच. ती उठली, बाळाचे कपडे भरले आणि गेली. मुलगा तिच्या मागे जायचा आणि परत यायचा, जायचा आणि परत यायचा. जेवताना माझ्याशी बोलत नव्हता.

तिच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. सून समोर बसली, बाळ मांडीवर. मी चष्मा लावला आणि तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. पापण्यांशी आलो आणि तीच ओळ पुन्हा वाचू लागलो. तिनं हात पुढे केला, कागद घेतला आणि उरलेलं मनात वाचलं. मग बराच वेळ घडी घालत बसली, उघडून पुन्हा घातली.

म्हणाली, "बाबा, अडीच महिने मी त्या गोळ्यांचं नाव पाठ करतेय. कधी घेतल्या, किती घेतल्या, पाण्याबरोबर की दुधाबरोबर. तुम्हाला वाटतं तुम्ही एकदाच बोललात."

मी म्हटलं, "चुकलो."

"हो," ती म्हणाली. "चुकलात." मी मन हलकं व्हायची वाट पाहिली नाही. मग तिनं विचारलं, "त्या बाळाचं नाव काय होतं?" मला माहीत नव्हतं. तुला विचारून सांगतो म्हटलं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, रक्त तपासायला पाठवू, माझंही, मुलाचंही. घराण्यातून आलेलं असेल, नसेलही. कित्येकदा कारण सापडतच नाही. पण त्या गोळ्यांचा यात काही संबंध नाही, हे त्यांनी सुनेकडे बघून दोनदा सांगितलं. हे आधीच विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मला तर नाहीच, मला उत्तर मिळालेलं होतं.

ताई, एक विचारतो, चिडू नकोस. आपल्या घरी असं मूल जन्मतं, मला काही माहीत नसताना मी नेमका हाच धंदा निवडतो, आणि चौतीस वर्षांनी माझ्याच नातीला त्याची गरज लागते. यात तुला कोणाचाच हात दिसत नाही? मला दिसतो. आणि दिसला की रागच येतो, कारण ज्याला एवढं जुळवता येतं त्याला एक डोळा का जुळवता येऊ नये?

त्या दिवशी सुनेकडून निघताना बाळाचा तुकडा पाहिला. कडेला टोचत होता, कोपऱ्यात लाल झालं होतं. अर्ध्या दिवसात दोनदा निसटून पडतो म्हणाली. तो कारखाना वाईट नाही, पण मोठ्यांचे डोळे करणारे लोक आहेत ते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मी माप घेऊ का?" ती म्हणाली, "हात थरथरतो ना तुमचा?" म्हटलं, "थरथरतो."

तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं.

छोट्या


१७ मे

छोट्या,

नाव ठेवलंच नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला पाहुणा म्हणायचे. सुनेला तेवढं सांग.

तू हाच धंदा निवडलास त्यात कोणाचा हात, असं विचारतोस. तुझ्या शाळेसमोर चष्म्याचं दुकान होतं आणि तू मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभा असायचास, हेही कारण असू शकतं. माणसाला मागे वळून पाहिलं की रस्ता आखलेला दिसतो. ज्यांच्या घरी असं मूल आलं आणि आजोबा डोळे करत नव्हते, त्यांना विचार. ते बहुतेक सगळेच आहेत. पण तू रागावलास हे वाचून मला, का कोण जाणे, बरं वाटलं नाही. वाद जिंकावा तर असा नको होता.

एक कर. त्या पोरीला कशाचाही दाखला करू नकोस. योजनेचा नको, आणि योजना नसल्याचाही नको. माझ्यासाठी तर मुळीच नको. मी त्या पाहुण्याला चौसष्ट वर्षं माझा मुद्दा म्हणून वापरलं. तो अकरा दिवसांचा मुलगा होता, त्याला दुधाची चव कळत होती.

काम कर. जमलं की कळव, नाही जमलं तरी कळव.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

मधली दोन कार्डं तुला मिळाली असतील, त्यात नुसतंच 'चालू आहे' लिहिलं होतं. आता सविस्तर.

पहिला तुकडा मी पाच वेळा केला. पहिला जाड झाला, दुसरा वरून बसला पण खालून निसटायचा, तिसरा तर पॉलिश करतानाच हातातून उडाला. हाताखालचे लोक बघत होते, कोणी हसलं नाही. हात थरथरतो तो थरथरतोच. मी कोपर बाकावर टेकवून, दुसऱ्या हातानं मनगट धरून काम करतो. पाचवा बसला. लालपणा गेला. तीन आठवड्यांनी दुसरा, मग तिसरा. दर वेळी दोनचार फेकायचे आणि एक ठेवायचा. तुझं ते गळत जाणं मला बाकावर दिसलं, म्हणजे मी करतही होतो आणि गळतही होतं. यातून कोणाची बाजू खरी होते ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही.

रक्ताचा अहवाल आला. मुलात आणि माझ्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नाही, एवढंच आज सांगता येतं. मला वाटलं होतं, निदान हे तरी कळेल. मुलानं कागद कपाटात ठेवला आणि चहा टाकला. दोघांना मिळून टाकला, मला आणि त्याला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

सून जूनमध्ये घरी आली. माझ्याशी बोलते, पण तोलून बोलते. काही गोष्टी तिनं माझ्याकडे अजून परत दिलेल्या नाहीत आणि मी मागत नाही. तू लिहिलेलं पाहुण्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "आत्यांना इकडे बोलवा. त्या बाळाबद्दल कोणीतरी विचारायला हवं होतं त्यांना."

परवा मेळावा झाला. मी अध्यक्षांना दोनदा नाही म्हटलं होतं, ते म्हणाले, नुसते या तरी. गेलो. आणि त्यांनी स्टेजवर ओढलंच. खिशात डोळा नव्हता. समोर सहाशे माणसं. मी म्हटलं, "मागे मी इथल्या काहींना सांगितलं होतं की मी डोळे करतो. ते खरं नाही. मी केलेल्या एकाही डोळ्यानं आजवर कोणाला काहीही दिसलेलं नाही. न बघणारे डोळे हातात धरून मी बघणाऱ्या डोळ्याबद्दल बोलत होतो. तो कसा होतो, कोण करतं, कधी का होत नाही, हे मला माहीत नाही. माझ्या नातीला एक आहे आणि एक नाही. जो आहे तो बघून मी अजूनही थक्क होतो. जो नाही त्याचं मला कोणी समजावू नये." एवढं बोलून उतरलो. टाळ्या नाहीत. खाली एका अनोळखी बाईनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "माझ्या मुलाला ऐकू येत नाही," आणि निघून गेली.

प्रार्थनेला पुन्हा जाऊ लागलोय. तू हसशील. उभा राहतो, पण आभार मानावेत की जाब विचारावा हे ठरत नाही, आणि तेवढ्यात प्रार्थना संपते.

काल सकाळची गोष्ट. नात आता सात महिन्यांची होतेय, हाताला लागेल ते ओढते. मी कारखान्यात निघालो होतो तेवढ्यात सुनेची हाक आली, "बाबा, हिनं काढला!" तुकडा गायब. मुलगा कपाटाखाली, मी पलंगाखाली, विहीणबाई आल्या होत्या त्या चक्क गुडघ्यांवर, सगळे जमिनीला नाक लावून. वीस मिनिटं. मुलगा म्हणत होता, "पाय हलवू नका, कोणी पाय हलवू नका." आणि ही बया मधोमध बसून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती, खिदळत होती. शेवटी सुनेला शंका आली, तिनं मूठ उघडली. मुठीतच होता, ओला, चोखलेला. सून जी हसायला लागली ती थांबेचना, आणि मग ती रडत होती, आणि मुलगा जमिनीवरच बसून तिच्याकडे बघत राहिला.

मी तुकडा साबणानं धुऊन, पुसून घेतला. पोरीला मांडीवर घेतलं, मनगट धरलं आणि बसवायला गेलो. तर आत गेल्यावर तो फिरला. पुन्हा काढला, पुन्हा लावला, पुन्हा फिरला. मला वाटलं, माझाच हात. मग बोट घालून पाहिलं. ताई, तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत तो बसवून, आणि तो तिला लहान पडतोय. जागा वाढलीय. दोन्ही गालांवर पट्टी ठेवून मोजलं, मुलाला मोजायला लावलं, सुनेनंही मोजलं. डावी बाजू उजवीला गाठत आलीय.

तू ये. सुनेनं खोली आवरून ठेवलीय. स्टेशनवर मुलगा येईल, मी येऊ शकेन असं वाटत नाही. मेण तापत ठेवलंय, नवा करायला बसतोय.

छोट्या